भांड्यांवर नाव टाकू, पण डोळे सांभाळून



लग्नसराई आली की आपल्या पाथर्डीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानापुढे गर्दी होते. रुखवताचे डबे, हंडा, ताटं घ्यायची आणि त्यावर नाव टाकून घ्यायचं. पूर्वी छिन्नीने ठोकून नाव टाकत, मग कर्रकर्र आवाज करणारी विजेची पेन आली. आता लेसरचं यंत्र आलंय. आमच्या एका गटाने ठरवलं, कर्ज काढून हे यंत्र घ्यायचं. भांड्यांवर नावं, लाकडाच्या पाट्या, मोहटादेवीच्या यात्रेत विकायला किचेन. विचार चांगला होता. आम्ही सगळ्या मिळून यंत्र बघायला गेलो.

यंत्रात दोन लेसर होते. एक निळा, लाकडासाठी. दुसरा स्टीलसाठी, त्याचा उजेड डोळ्यांना दिसतच नाही. सोबत हिरव्या काचेचा एक गॉगल फुकट. विक्रेत्याने निळा लेसर चालू केला आणि म्हणाला, "ताई, गॉगल घाला. ठिपका दिसतोय का? नाही ना? मग गॉगल चांगला."

आमच्यातली एक मावशी पटकन बोलली, "अहो, पण दुसरा तर गॉगल नसतानाही दिसत नाही. मग तो अडला हे कसं कळायचं?"

मैत्रिणींनो, आजचा सगळा विषय या प्रश्नात आहे.

भिंगाने ऊन एका ठिकाणी गोळा केलं की कागद जळतो. आपल्या डोळ्यातही भिंग आहे. लेसरचा किरण आत गेला की ते भिंग त्याला मागच्या पडद्यावर सुईच्या टोकाएवढ्या जागेत गोळा करतं. तेवढी जागा भाजते. पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून दुखतही नाही. भाजलेली जागा बहुधा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. डोळ्यांवर फार उजेड आला की पापणी पाव सेकंदात मिटते, पण मोठ्या लेसरला तेवढा वेळही लागत नाही. आणि न दिसणाऱ्या किरणाला तर पापणी मिटतच नाही.

लेसरचा रंग नॅनोमीटरमध्ये मोजतात. यंत्रातला निळा साधारण 450, हिरवा 532, लाल 640 ते 650 आणि स्टीलवर चालणारा अदृश्य किरण 1064. गॉगलची काच ठरावीक आकड्यांचेच किरण अडवते. नारिंगी काच निळा आणि हिरवा अडवते, पण लाल तिच्यातून सरळ जातो. 1064 अडतो की नाही, हे काचेच्या रंगावरून कळतच नाही. उन्हाचा काळा गॉगल तर अजिबात घालू नका. त्याने लेसर अडत नाही, उलट बाहुली मोठी होते.

म्हणून गॉगलवर दोन गोष्टी छापलेल्या हव्यात. पहिली, तो कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंतचे किरण अडवतो. आपल्या यंत्राचे दोन्ही आकडे त्यात बसले पाहिजेत. दुसरी, इंग्रजीतली ओडी ही अक्षरं आणि त्यापुढचा आकडा. ओडी 4 म्हणजे दहा हजारातला एक भाग आत येतो, ओडी 5 म्हणजे लाखातला एक. 10 वॉटच्या यंत्राला ओडी 5 किंवा त्याहून जास्त मागा. त्या फुकटच्या गॉगलवर काहीच छापलेलं नव्हतं.

लाल, हिरवा, निळा असे सगळेच रंग अडवणारा गॉगल घातला तर समोरचं काही दिसणारच नाही. म्हणून गॉगल हा शेवटचा आधार. पहिला आधार बंद पेटी. झाकण उघडताच लेसर आपोआप थांबला पाहिजे. चकचकीत ताटावरून किरण आरशासारखा उलटतो, म्हणून उघड्या यंत्रावर स्टीलचं काम नकोच. हातातल्या बांगड्या आणि घड्याळ काढा. खोलीत जितक्या जणी, तितके गॉगल. लेकरांना आत येऊ देऊ नका.

हीच गोष्ट मिरवणुकीची. 2023 च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकमध्ये लेसरच्या झोतामुळे तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याचं नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं. 2024 मध्ये कोल्हापूरजवळ उचगावात मिरवणुकीतल्या लेसरने एका तरुणाच्या डोळ्यात रक्तस्राव झाला. त्याच वर्षी पुणे पोलिसांनी गणेशोत्सवात अशा झोतांवर बंदी घातली. वरातीत आपण लेकराला खांद्यावर घेतो, तेव्हा त्याचे डोळे नेमके त्या झोतासमोर येतात. तिथे कोणी गॉगल घालत नाही. तिथे उपाय एकच: लेसर लावू द्यायचा नाही. सुपारी देतानाच डीजेवाल्याला सांगा. यात्रेत मिळणारी हिरवी लेसर बॅटरीही खेळणं समजू नका. स्वस्त बॅटरीतून हिरव्यासोबत न दिसणारा किरणही बाहेर पडू शकतो.

डोळ्यात लेसर गेल्याची शंका आली, तर चौकटीच्या वहीचं पान घ्या. मध्ये एक ठिपका काढा. एक डोळा झाकून त्याच्याकडे बघा, मग दुसरा. रेघा वाकड्या दिसल्या किंवा एखादी जागा पुसल्यासारखी वाटली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लेसर लागल्याचं सांगा आणि बाहुली मोठी करून पडदा तपासायला सांगा. पान ठीक दिसलं, तरी नजर अंधुक वाटत असेल तर तपासून घ्या. आपल्या मनाने थेंब घालू नका.

आमच्या गटाने काय केलं? यंत्र घ्यायचंच ठरलं, पण बंद पेटीचं. दोन्ही आकडे छापलेले तीन गॉगल कर्जाच्या अंदाजपत्रकातच धरले. थोडा खर्च वाढला, हप्ता दोन महिने लांबला. एक जण कुरकुरली, तेव्हा त्याच मावशी म्हणाल्या, "हप्ता मागेपुढे होईल गं, डोळा कोण उसना देणार?"

ठरावावर सगळ्यांनी सह्या केल्या. तुमच्या गटातही असं यंत्र येणार असेल, तर आधी गॉगलवरचे आकडे वाचा, मग सही करा.