सातबाराचे दप्तर क्लाउडवर नेताना

सातबाराचा उतारा शेतकऱ्याच्या दृष्टीने किती महत्त्वाचा आहे, हे सांगावयास नकोच. पीककर्ज, वाटणी, खरेदीविक्री यांपैकी कोणतेही काम त्यावाचून पुढे सरकत नाही. हे दप्तर एके काळी तलाठ्याच्या कपाटात असे. पुढे ते तालुक्याच्या कचेरीतील सर्व्हरवर आले आणि ई-फेरफार प्रणालीबरोबर मध्यवर्ती केंद्राकडे गेले. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘मेघराज’ ही क्लाउड व्यवस्था सुरू केली, आणि २०१८ साली महाराष्ट्र शासनाने आपले क्लाउड धोरण जाहीर केले.

क्लाउड या शब्दाचा आकाशातील ढगाशी काही संबंध नाही. दूरच्या एखाद्या शहरातील भक्कम इमारतीत शेकडो सर्व्हर ठेवलेले असतात व त्यांतील जागा लागेल तेवढी भाड्याने मिळते. स्वतःच्या घरातील कणगी मोडून धान्य वखारीत ठेवावे, तशीच ही व्यवस्था होय. आता कचेरीतील एकाच यंत्रावर बहुधा अनेक ‘आभासी’ सर्व्हर चालत असतात. एका वाड्यात भिंती घालून चार बिऱ्हाडे राहावीत, त्याप्रमाणे यंत्र एक, परंतु कामे निरनिराळी. यांपैकी प्रत्येक बिऱ्हाड म्हणजे वस्तुतः एक मोठी फाइलच असल्याने तिची नक्कल करून ती दुसरीकडे नेता येते.

पाटणसारख्या तालुक्यास याची गरज अधिक आहे. कोयनानगर व नवजा या भागांत वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप येथील जुन्या माणसांच्या स्मरणात आहे, आणि जुलै २०२१ मध्ये आंबेघर येथे दरड कोसळली. दप्तराची एकच प्रत एकाच इमारतीत ठेवणे अशा मुलखात शहाणपणाचे नाही. मात्र क्लाउडमुळे सर्वच अडचणी दूर होतात, असे समजू नये. दप्तर सुरक्षित राहिले तरी पावसात दूरसंचाराची तार तुटली, की येथील खिडकीवर उतारा मिळणार नाही. यास्तव दुसऱ्या मार्गाची जोडणी आधी करून घ्यावी.

स्थलांतरात खरा धोका असतो तो मधल्या काळाचा. एक टेराबाइट माहिती सेकंदास १० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून पाठविण्यास नऊ दिवसांहून अधिक काळ लागतो. त्या नऊ दिवसांत कचेरीचे काम थांबत नाही. कोणी वारसनोंद करतो, कोणा सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो. ही नोंद जुन्या सर्व्हरवर झाली आणि नक्कल आधीच निघून गेली असेल, तर नव्या जागी ती नोंद नसणार. म्हणून प्रथम संपूर्ण नक्कल नेतात, नंतर केवळ बदललेला भाग पुनःपुन्हा नेतात, आणि शेवटी काही तास नोंदी बंद ठेवून उरलेला भाग नेतात. त्यानंतर दोन्हीकडील नोंदींची संख्या व क्षेत्राची बेरीज ताडून पाहावी. ही ताळेबंदी झाल्यावाचून नवा सर्व्हर चालू करू नये व जुना लगेच पुसून टाकू नये. घाई येथेच होते, आणि तिचे फळ पुढे खातेदारास भोगावे लागते.

खर्चाचाही विचार करावयास हवा. स्वतःच्या यंत्रास एकदाच पैसे पडतात; क्लाउडचे भाडे सतत चालू राहते. खरीप कर्जाच्या दिवसांतील गर्दी पाहून घेतलेली मोठी जागा वर्षभर तशीच ठेवली, तर भाडे विनाकारण वाढते.

स्थलांतर झाल्यावर खातेदारांनी नवा उतारा काढून जुन्याशी ताडून पाहावा. गट क्रमांक, क्षेत्र, भोगवटादारांची नावे व ‘इतर हक्क’ हा रकाना विशेष काळजीने वाचावा, कारण फेडलेल्या कर्जाचा बोजा तेथेच राहून गेलेला असू शकतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला असून, त्यावर तलाठ्याच्या सहीची आवश्यकता नसते. त्याची एक छापील प्रत घरी ठेवावी. लेखनातील चूक आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५५ अन्वये दुरुस्ती होऊ शकते. त्यासाठी जुन्या उताऱ्याची व संबंधित फेरफाराची नक्कल जोडून तहसील कचेरीत अर्ज द्यावा.