रॅमला दोष देण्यापूर्वी : कोअरबूट आणि मेमटेस्टविषयीचे गैरसमज

चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावात विद्यार्थ्याच्या हाती येणारा पहिला लॅपटॉप पुष्कळदा वापरलेलाच असतो. मोठ्या कंपन्यांनी काही वर्षं वापरून काढून टाकलेले थिंकपॅड अमरावती-नागपूरच्या दुकानांतून इकडे पोचतात. मुलगा बडनेऱ्याला किंवा अमरावतीला अभियांत्रिकी शिकत असेल, तर लिनक्सशी त्याची ओळख होते आणि त्यातले काही जण एक पाऊल पुढे जाऊन यंत्राचा मूळ बायोस काढून तिथे मुक्तस्रोत फर्मवेअर बसवतात. एक्स६०, एक्स२००, एक्स२३० ही थिंकपॅडची जुनी मॉडेलं त्यासाठी जगभर वापरली जातात.

या फर्मवेअरचं नाव कोअरबूट. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी १९९९ साली ते ‘लिनक्सबायोस’ या नावानं सुरू केलं. २००८ मध्ये त्याचं कोअरबूट झालं. वीज आली की प्रोसेसर जागा करायचा, रॅम कामाला लावायची, आवश्यक तेवढे भाग चालू करायचे आणि सूत्रं पुढच्या प्रोग्रॅमकडे द्यायची, एवढंच ते करतं. या पुढच्या प्रोग्रॅमला ‘पेलोड’ म्हणतात. सीबायोस, ग्रब हे नेहमीचे पेलोड. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हाही तसाच पेलोड म्हणून त्याच फ्लॅश चिपमध्ये ठेवता येतो. हार्डडिस्क बंद पडलेली असो, पेनड्राइव्ह हाताशी नसो, तपासणीची सोय यंत्रातच असते.

अडचण येते ती या तपासणीचा अर्थ लावताना. काही बिघडलं की ‘रॅम गेली’ हे दोन शब्द पटकन तोंडात येतात आणि गरज नसताना नव्या रॅमचे पैसे खर्च होतात. म्हणून रूढ समजुती एकेक करून तपासू.

गैरसमज १ : यंत्र सुरू होतानाच्या मेनूत मेमटेस्ट निवडला आणि पडदा काळा झाला, म्हणजे रॅम मेली.

वस्तुस्थिती : रॅम पूर्ण मेलेली असती तर मेनू दिसलाच नसता. कोअरबूट आधी रॅम सुरू करतं आणि मगच पेलोड चालतो. मेनूपर्यंत पोचलेल्या यंत्राची रॅम निदान काही प्रमाणात काम करते आहे.

काळ्या पडद्याचं नेहमीचं कारण पडद्याच्या पद्धतीत असतं. मेमटेस्ट८६+ च्या जुन्या आवृत्त्या फक्त ‘टेक्स्ट मोड’ जाणतात. अक्षरं थेट जुन्या व्हीजीए टेक्स्ट मेमरीत लिहितात. कोअरबूट बांधताना ग्राफिक पडदा, म्हणजे फ्रेमबफर, निवडला असेल तर त्या जागी लिहिलेलं पडद्यावर उमटतच नाही. तपासणी आत चाललेली असते. दिसत मात्र काही नाही. लिब्रेबूट ही कोअरबूटवर आधारलेली तयार वितरण-आवृत्ती. तिच्यात कित्येक वर्षं दोन वेगळे रॉम मिळत, एक टेक्स्ट मोडचा आणि एक फ्रेमबफरचा. मेमटेस्ट हवा असेल तर टेक्स्ट मोडचा घ्या, अशी सूचना त्यासोबत असे.

उपाय तीन. पहिला, टेक्स्ट मोडचा रॉम वापरणं. दुसरा, मेमटेस्ट८६+ ची ६.०० किंवा त्यापुढची आवृत्ती घेणं. तिला ग्राफिक पडद्यावर लिहिता येतं, पण आधीच्या टप्प्यानं पडद्याची माहिती तिच्याकडे सोपवलेली असावी लागते. तिसरा, डेस्कटॉप बोर्डावर किंवा डॉकिंग स्टेशनवर सीरिअल पोर्ट असेल तर सीरिअल कन्सोल चालू करून दुसऱ्या संगणकावर निकाल वाचणं. वेग साधारणपणे १,१५,२०० बॉड ठेवतात. यातलं काहीच जमत नसेल तर लिनक्सची पेनड्राइव्ह लावून ‘मेमटेस्टर’ हा प्रोग्रॅम चालवा. चालू लिनक्सनं व्यापलेली रॅम त्यातून सुटते, पण पहिला अंदाज नक्की येतो.

गैरसमज २ : मेमटेस्ट८६ आणि मेमटेस्ट८६+ एकच.

वस्तुस्थिती : मूळ एकच, वाटा वेगळ्या. क्रिस ब्रॅडी यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात मेमटेस्ट८६ लिहिला. २००४ मध्ये सॅम्युएल डेमेलेमेस्टर यांनी त्यातून मेमटेस्ट८६+ ही शाखा काढली. मूळ प्रोग्रॅम २०१३ मध्ये पासमार्क कंपनीकडे गेला आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांचा स्रोत बंद झाला. ‘+’ असलेला मात्र मुक्तच राहिला. मार्टिन व्हिटेकर यांच्या पीसीमेमटेस्टवर आधारलेली त्याची नवी ६.०० आवृत्ती २०२२ मध्ये आली. कोअरबूटच्या फ्लॅशमध्ये आपण बांधून बसवतो तो हा मुक्त प्रोग्रॅम. अडचण कुणाला विचारण्यापूर्वी नाव आणि आवृत्ती नीट टिपून घ्या. एका आवृत्तीचा उपाय दुसरीला लागू पडेलच असं नाही.

गैरसमज ३ : मूळ बायोसवर रॅम चालत होती, कोअरबूटवर चुका दाखवते, म्हणजे कोअरबूटनं रॅम जाळली.

वस्तुस्थिती : रॅम सुरू करणं हे फर्मवेअरचं सर्वांत नाजूक काम आहे. रॅमच्या प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते, एसपीडी. स्टिकचा वेग, क्षमता, रचना तिच्यात नोंदलेली असते. फर्मवेअर ती वाचतं आणि त्यानुसार संकेतांच्या वेळा जुळवतं. उत्पादक कंपनीचा बायोस आणि कोअरबूट या वेळा वेगळ्या तऱ्हेनं जुळवू शकतात. काठावर चालणारी स्टिक एकीकडे पास आणि दुसरीकडे नापास होते, ती त्यामुळे. एक्स२०० मध्ये हा अनुभव विशेष येतो. म्हणूनच दोन सारख्या, लेबलवर ‘२आरएक्स८’ छापलेल्या स्टिक घ्याव्यात, असा सल्ला जाणकार देतात.

अनेक बोर्डांवर एकदा जुळवलेल्या वेळा फ्लॅशमध्ये साठवल्या जातात, म्हणजे पुढच्या वेळी यंत्र लवकर सुरू होतं. स्टिक बदलल्यावर विचित्र वागणूक दिसली तर ही साठवण पुसून वेळा नव्यानं जुळवू द्या. कोअरबूटनं काय केलं हे पाहायचं तर लिनक्समध्ये ‘सीबीमेम’ नावाचं साधन आहे. सुरुवातीपासूनची नोंद ते समोर मांडतं. कोणती स्टिक ओळखली, कोणत्या वेगावर चालवली, कुठे अडलं, सगळं त्यात वाचता येतं. बंद बायोस ही माहिती सहसा आपल्या हाती देत नाही.

गैरसमज ४ : मेमटेस्टमध्ये चुकीची लाल ओळ आली म्हणजे स्टिक खराब.

वस्तुस्थिती : मेमटेस्ट८६+ च्या माहितीपत्रकातच स्पष्ट लिहिलं आहे की दाखवलेली प्रत्येक चूक रॅमचीच असेल असं नाही. या तपासणीत प्रोसेसर, त्याची कॅश, मदरबोर्ड आणि वीजपुरवठा हे सगळेच तपासले जातात. डेस्कटॉपचा थकलेला एसएमपीएसही लाल ओळी आणू शकतो.

दोष शोधायची पद्धत सोपी आहे. एकच स्टिक ठेवा, एकाच स्लॉटमध्ये तपासा. मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग दुसरी स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये. चूक स्टिकबरोबर फिरली तर दोष स्टिकचा. स्टिक बदलूनही चूक त्याच स्लॉटमध्ये राहिली तर स्लॉट किंवा बोर्ड पाहा. कुठेही ठेवलं तरी दोन्ही स्टिक चुकत असतील तर वीजपुरवठा, प्रोसेसर आणि फर्मवेअरच्या वेळा यांच्याकडे वळा.

चूक कुठल्या पत्त्यावर आली तेही वाचा. दर फेरीत तोच पत्ता, तोच बिट चुकत असेल तर बहुधा चिपमधला एखादा कप्पा गेला आहे. पत्ते विखुरलेले पण बिट एकच, तर संपर्काची किंवा एखाद्या डेटा-रेषेची शंका घ्यावी. आणि चुका एका ठरावीक लहान पट्ट्यातच येत असतील, स्टिक बदलूनही तिथेच राहत असतील, तर त्या भागात फर्मवेअर किंवा एखादा यूएसबी कंट्रोलर स्वतः लिहीत असण्याची शक्यता आहे. रॅमचा कोणता भाग राखीव आहे याचा नकाशा कोअरबूट पेलोडला देतं. पेलोडनं तो नीट वाचला नाही तर तो राखीव जागा तपासायला जातो आणि खोट्या चुका दाखवतो, किंवा जागीच गोठतो. अशा वेळी मेमटेस्टची नवी आवृत्ती बसवणं हा पहिला उपाय.

गैरसमज ५ : मेमटेस्टमध्ये रॅम कमी दिसते, म्हणजे तेवढी निकामी झाली.

वस्तुस्थिती : कोअरबूटचे स्वतःचे तक्ते, प्रोसेसरच्या व्यवस्थापन-मोडची जागा आणि अंगभूत ग्राफिक्सला दिलेला वाटा हे तपासणीतून वगळलेले असतात. थिंकपॅड एक्स६० मध्ये तर दोन-दोन जीबीच्या स्टिक लावल्या तरी साधारण ३ जीबीच वापरता येतात. चिपसेटचीच ती मर्यादा आहे. उरलेला भाग मेलेला नाही, त्याला पत्ताच मिळत नाही.

गैरसमज ६ : एक फेरी पास झाली, आता निर्धास्त.

वस्तुस्थिती : प्रत्येक चाचणी वेगळा दोष शोधते. पत्त्यांची चाचणी रेषांमधले घोटाळे पकडते, उलट-सुलट नमुन्यांची चाचणी शेजारच्या कप्प्यांचा एकमेकांवरचा परिणाम पाहते आणि ‘बिट फेड’ चाचणी नमुना लिहून काही मिनिटं थांबते व तो टिकला का ते बघते. अधूनमधून होणारी चूक पहिल्या फेरीत सापडेलच असं नाही. रात्रभर चालू ठेवणं चांगलं.

आपल्याकडे यात वीज जाण्याची अडचण असते. निकाल पडद्यावरच असतो. यंत्र बंद पडलं की गेला. लॅपटॉपची बॅटरी चार्ज ठेवा, डेस्कटॉपला यूपीएस जोडा, आणि चूक दिसताच पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा.

गैरसमज ७ : आपल्या उन्हानंच रॅम खराब होते.

वस्तुस्थिती : वऱ्हाडातला मे महिना कडक असतो हे खरं, पण रॅमचं गणित थोडं वेगळं आहे. डीरॅमचा प्रत्येक कप्पा म्हणजे विद्युतभार धरणारं सूक्ष्म भांडं. गळक्या रांजणात पुन्हा पुन्हा पाणी ओतावं तसा तो भार दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. उष्णतेनं गळती वाढते, म्हणून चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर हे भरणं दुप्पट वेगानं करावं लागतं. खोलीतले ४५ अंश या मर्यादेच्या बरेच खाली आहेत.

गुगलच्या सर्व्हरांवरच्या रॅमचा मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा बराच कमी दिसला. स्टिकचं वय आणि वापराचा ताण जास्त महत्त्वाचे ठरले. आपल्या भागात उन्हापेक्षा मोठी अडचण धुळीची. पंख्यात धूळ आणि कापसाचे तंतू अडकले की हवा कोंडते, आतलं तापमान चढतं आणि आधीच अशक्त असलेला कप्पा चुकू लागतो. त्यामुळे पंखा साफ करूनच तपासा, आणि रात्री पास झालेली रॅम भर दुपारी पुन्हा एकदा तपासा.

गैरसमज ८ : खोडरबरनं घासली की रॅम दुरुस्त होते.

वस्तुस्थिती : कधी कधी चूक खरंच थांबते, पण तेव्हा दोष चिपमध्ये नसून संपर्कात असतो. स्टिक काढून पुन्हा घट्ट बसवल्यानंही तेवढंच साधतं. घासल्यानं संपर्कावरचा सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचे कण स्लॉटमध्ये पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड वापरा. बॅटरी काढलेली असू द्या आणि स्टिकला हात लावण्यापूर्वी अंगातली स्थिर वीज धातूला स्पर्श करून उतरवा.

गैरसमज ९ : एक कप्पा गेला की स्टिक भंगारात.

वस्तुस्थिती : चूक नेहमी त्याच मोजक्या पत्त्यांवर येत असेल तर तेवढी जागा लिनक्सला टाळायला सांगता येते. ग्रबमध्ये ‘बॅडरॅम’ आज्ञा आहे, लिनक्सला ‘मेममॅप’ हा पर्याय देता येतो आणि मेमटेस्ट८६+ चुकांची यादी बॅडरॅमच्या स्वरूपात लिहून देतो. अभ्यासाच्या यंत्राला हे पुरतं. चुका जागा बदलत असतील, किंवा त्या संगणकावर दुकानाचे हिशेब, कुणाचे दाखले, कुणाची कागदपत्रं असतील, तर मात्र स्टिक बदलाच. चुकलेला एक बिट फाइलमध्ये जाऊन बसतो आणि बरेच दिवस कुणाला कळत नाही.

कोअरबूटवर तपासणी अडली तर क्रम असा ठेवा : आधी पडदा, मग मेमटेस्टची आवृत्ती, मग सीबीमेमची नोंद, मग एक स्टिक-एक स्लॉट, आणि रॅम विकत घेणं सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्याला स्टिकचं लेबल, स्लॉट, चाचणीचा क्रमांक, पत्ता आणि वेळ कागदावर लिहा. दुरुस्तीसाठी अमरावतीची वाट धरावी लागली तर हा कागद सोबत न्या. समोरच्याला अंदाजावर काम करावं लागणार नाही आणि तुम्हाला चांगली रॅम बदलण्याचे पैसे मोजावे लागणार नाहीत. मुक्त फर्मवेअरमध्ये प्रत्येक टप्प्याचं कारण वाचता येतं. गावातल्या मुलांनी ते वाचायची सवय लावून घ्यावी, कारण त्याच सवयीतून उद्या गावातच यंत्र नीट करणारे हात तयार होतील.