विश्लेषण : एकच आयपी पत्ता काढला, मग बाकीचे कुठे गेले? लिनक्सची ही ‘खोड’ सर्व्हर बंद पाडते, ती कशी?

रात्री दोनची वेळ. सर्व्हर दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये, सिस्टीम ॲडमिन घरी लॅपटॉपसमोर. काम किरकोळ : सर्व्हरवरच्या तीन आयपी पत्त्यांपैकी जुना, वापरात नसलेला एक काढून टाकायचा. कमांड टाइप झाली, एंटर दाबले आणि स्क्रीन गोठली. चूक दाखवणारा संदेश नाही, इशारा नाही. थोड्या वेळाने फोन सुरू होतात, उरलेल्या दोन पत्त्यांवर चालणाऱ्या वेबसाइटही बंद आहेत. लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या अनेकांनी हा प्रसंग कधी ना कधी अनुभवलेला असतो. त्या वेळी पहिला संशय हॅकिंगवर जातो. प्रत्यक्षात सर्व्हरने नियमानुसारच काम केलेले असते.

नेमके काय घडते?

एका नेटवर्क कार्डावर अनेक आयपी पत्ते देता येतात. समजा, ‘ईटीएच०’ या कार्डावर १९२.१६८.१.१०, १९२.१६८.१.११ आणि १९२.१६८.१.१२ असे तीन पत्ते आहेत आणि तिघांचाही मास्क /२४, म्हणजे तिघे एकाच सबनेटमध्ये. लिनक्सच्या लेखी हे तिघे समान नाहीत. जो आधी जोडला तो ‘प्रायमरी’, नंतर आलेले ‘सेकंडरी’. मूळ नियम असा, की प्रायमरी काढला की त्याच्यामागचे सगळे सेकंडरीही निघतात. म्हणजे ‘आयपी ॲडर डेल’ कमांडने फक्त .१० काढला, तरी .११ आणि .१२ सोबत जातात. उलट .११ काढला तर तो एकटाच जातो.

रेशन कार्डावरून कुटुंबप्रमुखाचे नाव कमी करायला जावे आणि कार्यालयाने अख्खे कार्डच रद्द करावे, तसा हा प्रकार.

हे इथेच थांबत नाही. कार्डावरचा शेवटचा पत्ता गेला, की त्या कार्डावरून जाणारे सगळे रूटही कर्नल पुसतो, गेटवेचा डीफॉल्ट रूटसुद्धा. त्यामुळे लगेच नवा पत्ता जोडला तरी बाहेरचे जग दिसत नाही. गेटवे पुन्हा द्यावा लागतो. आणि तो द्यायला सर्व्हरपर्यंत पोहोचायचे कसे, हाच तर प्रश्न असतो.

मग हा बग आहे का?

नाही. ‘आयपी’ ही कमांड ज्यांनी लिहिली, त्या अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांच्या १९९९ मधल्या माहितीपुस्तिकेतच हे वर्तन स्पष्ट लिहिलेले आहे. प्रायमरी हा त्या गटाचा म्होरक्या. सर्व्हर स्वतःहून बाहेर पॅकेट पाठवतो तेव्हा प्रेषक म्हणून सहसा त्याचाच पत्ता लागतो आणि सबनेटचा रूटही त्याच्याच नावावर असतो. तर्क समजण्यासारखा आहे. खटकते ते एवढेच, की तीन पत्ते पुसताना कमांड एका शब्दानेही विचारत नाही.

एकाच कमांडचे दोन निकाल

खरा गोंधळ पुढे आहे. कर्नलमध्ये ‘प्रमोट सेकंडरीज’ नावाचे सेटिंग आहे. ते १ असेल तर प्रायमरी गेल्यावर पुढचा सेकंडरी त्याची जागा घेतो आणि बाकीचे शाबूत राहतात. कर्नलची मूळ किंमत ०, तर ‘सिस्टमडी’ प्रकल्पाच्या मूळ सेटिंग फाइलमध्ये ती १. पण प्रत्येक लिनक्स वितरण ही फाइल जशीच्या तशी घेते असे नाही आणि सिस्टमडी नसलेल्या यंत्रणांत ती नसतेच. त्यामुळे ऑफिसच्या चाचणी मशीनवर सुरळीत चाललेली कमांड प्रत्यक्ष सर्व्हरवर वेगळा निकाल देऊ शकते.

मास्कचीही मेख आहे. पत्ता जोडताना मास्क लिहायचा राहिला तर तो /३२ धरला जातो. असा पत्ता कुणाचाच सेकंडरी नसतो, त्यामुळे .१० गेला तरी तो कार्डावर टिकतो. तीनपैकी एकच पत्ता का वाचला, याचे उत्तर अनेकदा या विसरभोळेपणात सापडते. आयपीव्ही६ मध्ये मात्र म्होरक्याची ही पद्धत नाही.

जुन्या सवयीचा फटका

‘आयएफकॉन्फिग’ ही जुनी कमांड अजून अनेकांच्या बोटांत बसलेली आहे. नव्या ‘आयपी’ कमांडने लेबल न देता जोडलेले जादा पत्ते ती दाखवतच नाही. तिच्या यादीत कार्डावर एकच पत्ता दिसतो, प्रत्यक्षात चार असतात. अशा यादीवर विसंबून पत्ता काढणे म्हणजे अंधारात फ्यूज काढण्यासारखे.

कमांड देण्याआधी काय पाहावे?

‘आयपी ॲडर शो’ने पूर्ण यादी पाहावी. ज्या ओळीत ‘सेकंडरी’ शब्द आहे तो पत्ता काढणे तुलनेने सुरक्षित, तो शब्द नसेल तर थांबावे. मग ‘सिसीटीएल’ने प्रमोट सेकंडरीजची किंमत तपासावी, ० असेल तर आधी १ करावी. काढतानाही पत्ता मास्कसह लिहावा, तो नसेल तर आयपीव्ही४ साठी कमांड स्वतःच इशारा देते. ‘फ्लश’पासून तर चार हात दूरच राहावे. निवडीत बसणारे सगळे पत्ते ती निर्दयपणे पुसते, असा इशारा तिच्या अधिकृत माहितीपानावरच आहे.

दूरच्या सर्व्हरवर काम करणारे अनुभवी लोक आणखी एक युक्ती वापरतात. आधी दहा मिनिटांनी रीस्टार्ट होण्याची कमांड देऊन ठेवायची, मग पत्ता काढायचा. ‘आयपी’ कमांडने केलेले बदल फक्त मेमरीत असतात. सेटिंगच्या फाइलला हात लावलेला नसेल, तर रीस्टार्टनंतर जुने पत्ते परत येतात. सगळे ठीक झाले तर ‘शटडाउन -सी’ देऊन तो रीस्टार्ट रद्द करायचा.