उत्तर कोणाला द्यायचं?

बडनेऱ्याचं नाव काढलं की लोकांना रेल्वेचं जंक्शन आठवतं. मला मात्र आठवते ती लोहमार्गालगतच्या एका खेड्यातली आमची दोन खोल्यांची शाळा आणि टेबलावर ठेवलेला रेडिओ. मुंबई-हावडा मार्गावरून मालगाडी धडधडत निघाली की त्या रेडिओचा आवाज बुडून जायचा. पोरं माझ्याकडे बघायची आणि मी रेडिओकडे.

२००० सालच्या जून महिन्यापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आम्ही शिक्षक मराठी माध्यमातून डी.एड. झालेलो. आमच्यापैकी बहुतेकांनी इंग्रजीची मुळाक्षरं पाचवीत गिरवलेली. व्याकरणाचे नियम पाठ होते, पण चार वाक्यं बोलायची म्हटलं की घसा कोरडा पडायचा. त्यामुळे रेडिओवरून इंग्रजीचे पाठ मिळणार हे कळल्यावर मला हायसं वाटलं. आता बाई बोलतील, पोरं ऐकतील, आपण सुटलो! पहिले काही दिवस मी तसंच केलं. रेडिओ लावायचा आणि खुर्चीवर बसून हजेरी आणि खिचडीचा हिशेब पुरा करायचा.

एके दिवशी मागच्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली. म्हणाली, "सर, रेडिओतल्या बाईले आमचं आयकू येते का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग उत्तर कोनाले द्याचं?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. दूरशिक्षणातली सगळी मेख त्या एका प्रश्नात होती, हे समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

ज्या पाठांना परस्परसंवादी रेडिओ पाठ म्हणतात, त्यांची रचना मोठी हुशारीची असते. रेडिओवरचा आवाज प्रश्न विचारतो आणि मग काही सेकंद थांबतो. त्या मोकळ्या जागेत मुलांनी उत्तर द्यायचं असतं. मग आवाज बरोबर उत्तर सांगतो आणि पुढे जातो. १९७० च्या दशकात निकाराग्वा या मध्य अमेरिकेतल्या देशात गणितासाठी ही पद्धत वापरली गेली. १९८० च्या दशकात केनियात तिच्यावर इंग्रजी शिकवलं गेलं. आपल्याकडे पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने 'वुई लर्न इंग्लिश' हा याच जातीचा कार्यक्रम मराठी शाळांसाठी तयार केला.

पण ती चार सेकंदांची शांतता भरायची कोणी? रेडिओ थांबतो, पण ऐकत नाही. मुलगा बरोबर बोलला, चुकला की गप्प बसला, हे त्याला कळत नाही. ते कळतं फक्त वर्गात उभ्या असलेल्या माणसाला. इतिहासाचा धडा एक वेळ नुसता ऐकून समजेल. भाषेचं तसं नाही. भाषा पोहण्यासारखी आहे, काठावर बसून ती येत नाही. बोलावं लागतं, चुकावं लागतं आणि चुकल्यावर कोणीतरी हसत न हसत सुधारावं लागतं.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. अमेरिकेतल्या लहान गावांतल्या हायस्कूलांना १९८० च्या दशकात स्पॅनिश शिकवायला शिक्षक मिळत नव्हते. मग उपग्रहावरून पाठ येऊ लागले. पडद्यावर निष्णात शिक्षक, शंका विचारायला टेलिफोन आणि वर्गात गावचाच एखादा शिक्षक. त्याचा विषय दुसराच असायचा आणि अनेकदा त्याला स्पॅनिशचा गंधही नसायचा. मग त्याचं काम काय? यंत्र चालू करणं आणि शिस्त राखणं, एवढंच? तसं मानलं तर तो पहारेकरी झाला. पण तोच मुलांच्या शेजारी बसून वही उघडतो, 'मलाही हे नवीन आहे, चला, मिळून शिकू' म्हणतो, तेव्हा वर्गाचा रंग बदलतो. स्पॅनिशमध्ये नमस्काराला 'ओला' म्हणतात. लिहिताना आधी 'एच' असतो, पण उच्चारात नसतो. विद्यार्थी 'होला' म्हणाला तर ते पडद्यावरच्या बाईंना कसं कळणार? शेजारी बसलेल्या माणसाला कळतं.

माझ्या वर्गातही असंच घडलं. वारांची नावं चालली होती. रेडिओवरच्या बाई म्हणाल्या, "वेन्झडे." मी फळ्यावर स्पेलिंग लिहिलं आणि सवयीने वाचलं, "वेडनेसडे." गेली कित्येक वर्षं मी हेच शिकवत होतो. तीच मुलगी पुन्हा उठली. "सर, बाई तं असं नाई म्हनत."

क्षणभर राग आला, खोटं कशाला सांगू? पोरांसमोर गुरुजींचं चुकणं म्हणजे इज्जतीचा सवाल. गप्प बसवणंही सोपं होतं. पण तिचा प्रश्न अजून डोक्यात होता. मी म्हटलं, "बाईंचं बरोबर, माझं चूक. चला, सगळे मिळून म्हणू." त्या दिवसानंतर वर्गात एक फरक पडला. जी पोरं चुकू म्हणून तोंड उघडत नव्हती, ती बोलू लागली. सरच चुकतात, तर आपलं काय बिघडतं!

मग मी हजेरीपट बाजूला ठेवला आणि कामाची तीन भागांत वाटणी केली. पाठाआधी मार्गदर्शिका वाचून अवघड शब्द काढायचे आणि लागणाऱ्या वस्तू, म्हणजे वाटी, पेन, संत्रं, टेबलावर मांडायच्या. गाडी आलीच आणि वाक्य बुडालं, तर ते मला माहीत असायला हवं, कारण रेडिओ मालगाडीसाठी थांबत नाही. पाठ चालू असताना रांगांतून फिरायचं आणि कोणाचे ओठ हलत नाहीत ते बघायचं. शेवटचा भाग पाठानंतरचा. दोघादोघांना समोरासमोर उभं करून तीच वाक्यं त्यांच्या घरच्या गोष्टींवर बोलायला लावायची. खरं शिकणं या शेवटच्या पंधरा मिनिटांत व्हायचं.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला १९८९ साली स्थापन झालं. घरी पुस्तकं पाठवून शिकवणाऱ्या या विद्यापीठानेही अभ्यासकेंद्रं ठेवली, संपर्कसत्रं ठेवली आणि तिथे बसणाऱ्या शिक्षकाला 'समंत्रक' असं सुंदर नाव दिलं. सोबत बसून विचार करणारा, असा त्याचा अर्थ मी घेतो. दूरशिक्षणालाही जवळचं माणूस लागतंच.

२०२० साली कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा याची पुन्हा प्रचिती आली. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' आली. प्रथम संस्थेच्या साहाय्याने आकाशवाणी नागपूरवरून 'शाळेबाहेरची शाळा' भरू लागली. कार्यक्रम चांगले होते. पण जिथे आई, मोठी ताई किंवा गावातला एखादा तरुण मुलांजवळ बसला, तिथे ते जास्त रुजले. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या गाडिवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. २०१९ साली तिथल्या मुलांना कोणती परदेशी भाषा शिकायची असं विचारलं. यंत्रमानवांची आवड असलेल्या त्या मुलांनी जपानी निवडली! शिकवणारं गावात कोणी नाही. शिक्षकांनी इंटरनेटवरच्या चित्रफिती आणि भाषांतराची ॲप्स जमवून सुरुवात केली. पुढे एका जाणकाराने ऑनलाइन वर्ग घेतले. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांना 'विषयमित्र' झालेली मुलं शिकवू लागली. ज्या शिक्षकांना जपानी येत नव्हती, त्यांनीच हे घडवून आणलं, हे विसरून चालणार नाही.

आज प्रत्येकाच्या हातात पडदा आहे. उच्चार ऐकवणारी, चूक दाखवणारी ॲप्सही आली आहेत. त्यामुळे 'आता शिक्षक कशाला?' असा प्रश्न अधूनमधून कानावर येतो. विशेषतः शाळा लहान आणि पट कमी असला की हा प्रश्न विचारणाऱ्यांना जोर चढतो. त्यांना मी एवढंच सांगेन, की यंत्र मुलाचा उच्चार तपासेल, पण ते आज गप्प का, हे यंत्राला कोण सांगणार? उत्तर द्यायला मुलाला समोर कोणीतरी हवं असतं, ज्याला आपलं उत्तर ऐकायची उत्सुकता आहे असं.

मालगाड्या अजूनही तशाच धडधडत जातात. त्या मुलीचा प्रश्न मी निवृत्तीनंतरही नव्या शिक्षकांना सांगत असतो. पडदा लावा, रेडिओ लावा, पण स्वतः खुर्चीवर बसू नका. पोरांचं उत्तर घ्यायला उभे राहा.