परदेशात मोबाईल वापरायचाय? भारतीय सिम काढू नका, फक्त त्याचा डेटा बंद ठेवा!

आपल्या छत्रपती संभाजीनगरातून कुणी जर्मनीत शिकायला जातं, कुणी वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपनीकडून दहा दिवसांच्या ट्रेनिंगला, तर कुणाचे अम्मी-अब्बा उमऱ्याला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे निघायच्या आधी मित्र मला हमखास विचारतात, "सिमचं काय करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. भारतीय सिम ओटीपीसाठी ठेवा आणि इंटरनेट दुसऱ्या सिमवर घ्या.

रोमिंग महाग का पडतं?

परदेशात आपलं सिम तिथल्या कंपनीचं नेटवर्क वापरतं. त्याचे पैसे ती कंपनी आपल्या कंपनीकडून घेते आणि आपली कंपनी आपल्याकडून. घरच्यांनी तुम्हाला फोन लावला, तर त्यांना भारतातलाच दर लागतो. तिथून जेद्दापर्यंतचा खर्च तुमच्यावर पडतो. म्हणून रोमिंगमध्ये इनकमिंग कॉललाही पैसे लागतात.

डेटाचंही तसंच. फ्रँकफर्टमध्ये मॅप उघडला, तरी तो डेटा बहुतेक वेळा भारतातल्या आपल्या कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून येतो. शिवाय फोन गुपचूप फोटोंचा बॅकअप आणि अॅप अपडेट करतच असतो. समजा पॅक घेतलेला नाही आणि दर एका एमबीला 50 रुपये आहे, तर 100 एमबीचे झाले 5,000 रुपये!

मग सिम काढूनच टाकलं तर?

तसं करू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. तो आला नाही, तर खात्यात पैसे असूनही परदेशात तुमचे हात बांधलेले. रोमिंगमध्ये इनकमिंग एसएमएसला सहसा पैसे लागत नाहीत, पण त्यासाठी इंटरनॅशनल रोमिंग सुरू असावं लागतं. ते कंपनीच्या अॅपमधून इथूनच सुरू करून जा. नवा फोन घेतला असेल, तर यूपीआयसुद्धा इथेच सेट करा, कारण त्यासाठी तुमच्या सिमवरून एसएमएस जावा लागतो.

दुसरं सिम कोणतं घ्यायचं?

आधी *#06# डायल करा. ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला, तर तुमच्या फोनमध्ये ई-सिम चालतं. नसेल तर दुसरा सिम स्लॉट वापरा.

- दोन-चार दिवसांसाठी: आपल्याच कंपनीचं रोमिंग पॅक सोयीचं.
- दहा-पंधरा दिवसांसाठी: पॅकचा दर आणि तिथल्या टूरिस्ट सिमचा दर ताडून बघा. पासपोर्ट जवळ ठेवा, सिम घेताना लागतो.
- शिकायला जात असाल तर: तिथलं लोकल सिम. युरोपियन युनियनमध्ये 15 जून 2017 पासून सदस्य देशांत फिरताना वेगळे रोमिंग चार्ज लागत नाहीत. म्हणजे जर्मनीचं सिम सुट्टीत फ्रान्समध्येही चालतं. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन मात्र या नियमात नाहीत, तिकडे जाताना प्लॅन तपासा.

उतरल्यावर काय करायचं?

1. मोबाईल डेटासाठी नवं सिम निवडा.
2. भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद करा. डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर जाण्याचा पर्याय असेल, तर तोही बंद करा.
3. व्हॉट्सअॅपने नंबर बदलायचा का विचारलं, तर नाही म्हणा. जुनाच नंबर चालू राहतो.
4. घरच्यांना सांगून ठेवा, फोन व्हॉट्सअॅपवरच करायचा.

विमानात एअरप्लेन मोड चालू ठेवा. काही विमानांत स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं आणि त्याचे दर फार जास्त असतात.

दोन वर्षांसाठी जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. प्रीपेड नंबर सलग 90 दिवस वापरला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. मग तुमच्या बँकेचे ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर! म्हणून रिचार्जची तारीख घरी कुणाला तरी सांगून जा. ज्याचं तिकीट निघालंय, त्याला हा लेख आजच पाठवा.