जोधपूरच्या तळघरांत पाणी का चढतं?

राजस्थानातलं जोधपूर थर वाळवंटाच्या पूर्व कडेला वसलेलं आहे. इथे वर्षाला सरासरी ३६० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बहुतेक सगळा पावसाळ्याच्या मोजक्या दिवसांत. उघड्यावर ठेवलेलं पाणी मात्र वर्षभरात दोन मीटरच्या आसपास उडून जाऊ शकतं. म्हणजे आभाळ जेवढं देतं त्याच्या पाचपट तरी ऊन परत मागतं. अशा शहराच्या जुन्या भागात, घंटाघर आणि सोजती गेटच्या गजबजलेल्या बाजारपेठेत, दुकानांच्या तळघरांत पाणी साचतं आणि ते पंप लावून बाहेर काढावं लागतं. हे पाणी पावसाचं नसतं. ते खालून, जमिनीतून वर येतं.

एकीकडे उन्हाळ्यात नळाला एक-दोन दिवसांआड पाणी आणि दुसरीकडे तळघरात नको असलेलं पाणी. पाण्याचा तुटवडा म्हणजे नेमकं काय, याचा इतका बोलका धडा देणारं शहर भारतात क्वचितच दुसरं असेल. तो समजून घ्यायचा तर सुरुवात पाण्यापासून नव्हे, खडकापासून करावी लागते.

राव जोधांनी १४५९ मध्ये मंडोर सोडून मेहरानगडची टेकडी राजधानीसाठी निवडली. त्या टेकडीवर तप करणाऱ्या चिडियानाथजींना उठवलं म्हणून त्यांनी पाण्याच्या दुष्काळाचा शाप दिला, अशी आख्यायिका जोधपुरात सांगतात. भूवैज्ञानिकाला मात्र तिथे वेगळी गोष्ट दिसते. किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींतून बनलेला ‘मालाणी’ गटाचा रायोलाइट खडक उघडा पडलेला आहे आणि त्याच्या डोक्यावर नंतर साचलेला जोधपूर वालुकाश्म बसलेला आहे. दोन खडकांची ही सांधरेषा इतकी स्पष्ट आहे, की भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. रायोलाइट कठीण, घट्ट. त्याच्या अंगात पाणी मुरत नाही. मुरतं ते फक्त भेगांत.

वाळवंटात असा उघडा खडक म्हणजे भाग्यच म्हणायला हवं. वाळूवर पाच-दहा मिलिमीटरची सर पडली तर ती वरच्या थरातच जिरते आणि दोन दिवसांत उडून जाते. खडकावर तीच सर पडली की वाहू लागते. एक हेक्टर खडकावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी. त्यातलं निम्मं जरी हाती लागलं तरी छोट्या सरीचंही सोनं होतं. जोधपूर घडवणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. त्यांनी टेकड्यांचे उतार मोकळे ठेवले, खडकात चर खोदून वाहतं पाणी अडवलं आणि ते तलावांकडे वळवलं. या चरांना तिथे ‘नहर’ म्हणतात. तलावाला पाणी देणाऱ्या उताराला मारवाडात ‘आगोर’ म्हणतात, आपण ज्याला पाणलोट म्हणतो तोच.

राव जोधांच्या राणी जसमादे हाडी यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी राणीसर बांधवला. त्याच्या खालच्या अंगाला पदमसर आहे. वरचा भरला की पाणी खालच्यात उतरतं. बालसमंद तर शहराहूनही जुना, ११५९ मधला. पुढे अठराव्या शतकात गुलाबसागर झाला, आणि त्याच शतकात, १७४० च्या दशकात, महाराजा अभयसिंह यांच्या राणीने तूरजी का झालरा बांधवला. झालरा म्हणजे चौकोनी, तीन-चार बाजूंनी पायऱ्या उतरत जाणारी बारव. लाल वालुकाश्मातल्या त्या पायऱ्या पाहून प्रवासी हरखून जातात, आणि ते साहजिकच आहे. पण त्यांच्या भूमितीमागे विज्ञान आहे. पाणी जितकं पसरट, तितकी वाफ जास्त. तेच पाणी खोल आणि अरुंद ठेवलं, त्यावर दिवसातला बराच वेळ भिंतींची सावली राहिली, वारा थेट पोहोचला नाही, की बाष्पीभवन झपाट्याने कमी होतं. पातळी कितीही खाली गेली तरी पायऱ्यांमुळे माणूस पाण्यापर्यंत पोहोचतोच.

या रचनेचा कणा मात्र पायऱ्यांत नाही, तलाव आणि बारवा यांच्या नात्यात आहे. वरच्या तलावांतलं पाणी खडकाच्या भेगांतून हळूहळू झिरपतं आणि खालच्या वस्तीतल्या विहिरी, बावड्या, झालरे यांत पाझरून येतं. तलाव वर्षातून काही महिने भरलेले दिसले, तरी त्यांचं पाणी भेगांच्या वाटेने वर्षभर विहिरींना मिळत राही. आणि लोक रोज ते उपसत. भरणं आणि उपसणं या दोन्ही गोष्टी मिळून ती व्यवस्था पूर्ण होत होती. उपशाला आपण सहसा नुकसान समजतो. इथे तो समतोलाचा अर्धा भाग होता. हे ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं उलगडतं.

विसाव्या शतकात शहर वाढलं. २०११ च्या जनगणनेत जोधपूरची लोकसंख्या १० लाख ३० हजारांच्या पुढे होती. भारतीय शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटरचं प्रमाण धरलं, तर एवढ्या लोकांना रोज सुमारे १४ कोटी लिटर पाणी लागतं. कितीही सुंदर असल्या तरी बारवा हे ओझं एकट्याने पेलू शकत नाहीत, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. म्हणून पाणी बाहेरून आणलं गेलं. पंजाबात सतलज आणि बियास यांच्या संगमाजवळ हरीके बंधाऱ्यापासून निघणाऱ्या इंदिरा गांधी कालव्यातून, राजीव गांधी लिफ्ट कालव्याच्या वाटेने, हिमालयाचं पाणी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कायलाना आणि तख्तसागर या शहराच्या पश्चिमेकडच्या तलावांत पोहोचलं. लिफ्ट म्हणण्याचं कारण, हे पाणी आपोआप वाहत येत नाही. टप्प्याटप्प्यावर पंपांनी ते वर चढवावं लागतं. हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला, पंप आणि घर्षणातली गळती धरून, ०.४ युनिटच्या आसपास वीज लागते. रोजच्या १४ कोटी लिटरसाठी दर १०० मीटर चढाला पन्नास हजारांहून जास्त युनिट.

पाणी आलं, आणि तो मोठा दिलासा होता. पिढ्यानपिढ्या डोक्यावर हंडे वाहिलेल्या बायकांना नळाचं मोल कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण नळ आल्यावर विहिरींवरचा उपसा जवळजवळ थांबला. बावड्यांत कचरा पडू लागला, काही ठिकाणी सांडपाणी. आणि जमिनीखालचं गणित बदललं.

कठीण खडकाच्या भेगांत पाणी राहायला जागा फार थोडी असते. शंभर घनमीटर खडकात जेमतेम एक ते तीन घनमीटर पाणी मावतं. महाराष्ट्रातल्या बेसॉल्टमध्येही साधारण असंच प्रमाण असतं; म्हणूनच आपल्याकडची विहीर चार पावसांत तुडुंब भरते आणि दिवाळीनंतर झरझर उतरते. ही साठवण एक टक्का धरली, तर जमिनीवर नुसतं १० मिलिमीटर जाडीचं पाणी जादा झिरपलं की भूजल पातळी एक मीटरने वर येते. आता रोज कोट्यवधी लिटर पाणी शहरात येत आहे, त्यातलं काही जुन्या जलवाहिन्यांतून गळत आहे, वापरलेलं पाणी गटारांतून जिरत आहे, उंचावरच्या कायलाना-तख्तसागरातून भेगांच्या वाटेने पाझर सुरू आहे आणि बाहेर काढणारं कुणी नाही. मग पातळी चढत जाऊन सखल भागातल्या तळघरांच्या फरशीला भिडते. दगडी इमारतींचे पाये ओले राहतात, भिंतींना क्षार फुटतात.

यातलं किती पाणी तलावांतून आणि किती गटारांतून, हा वाद जोधपुरात बराच रंगला आणि भूजल संस्थांनी त्यावर अभ्यास केले. असा प्रश्न सोडवायला विज्ञानाकडे छान साधन आहे. हिमालयातल्या बर्फाच्या पाण्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जड समस्थानिकांचं प्रमाण मैदानातल्या पावसापेक्षा कमी असतं. त्यामुळे कालव्याचं पाणी जमिनीखाली गेलं तरी आपला मूळ पत्ता सोबत घेऊन जातं. सांडपाण्याची ओळख त्यातल्या नायट्रेटवरून पटते. दोन्ही वाटा बंद करणं गरजेचं आहे, पण माझ्या मते खरी चूक तिसरीकडे झाली: उपसा थांबवताना तो कशासाठी होता याचा विचार झाला नाही. चढलेलं हे पाणी पिण्याजोगं नसेल, पण बागांना, बांधकामाला, धुण्या-सारवण्याला ते नक्की चालतं. जुन्या बावड्या साफ करून त्यांवर पंप बसवले आणि पिण्याखेरीजच्या पाण्याची वेगळी वाहिनी टाकली, तर तळघरंही कोरडी होतील आणि हिमालयातून वर चढवत आणलेलं तेवढं पाणीही वाचेल.

कालव्यावरच्या भरवशालाही मर्यादा आहेत. दर वर्षी दुरुस्तीसाठी कालवा काही आठवडे बंद ठेवतात. ही ‘नहरबंदी’ नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर येते आणि शहर तलावांतल्या साठ्यावर दिवस काढतं. २०२२ च्या उन्हाळ्यात शेजारच्या पालीची अवस्था इतकी बिकट झाली, की जोधपूरहून तिथे रेल्वेने पाणी न्यावं लागलं. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची रेल्वे महाराष्ट्र विसरलेला नाही; त्या गाडीच्या टाक्याही राजस्थानातल्या कोटा इथल्या कारखान्यातून धुऊन आल्या होत्या.

जोधपुरात अलीकडे बारवांची काळजी वाढली आहे. अनेक दशकं गढूळ पाण्याखाली बुडालेला तूरजी का झालरा गाळ काढून मोकळा केला गेला, आता तिथे मुलं सूर मारतात. याचा आनंद आहेच. पण बारव उजळली आणि तिचा आगोर हरवला, तर उरतं ते केवळ शिल्प. शहराभोवतीच्या वालुकाश्माच्या खाणींनी आणि नव्या वसाहतींनी कित्येक उतार तोडले आहेत, नहरा मधूनच तुटल्या आहेत. म्हणून मला जोधपुरातलं सगळ्यात मोलाचं काम वाटतं ते मेहरानगडच्या पायथ्याचं राव जोधा डेझर्ट रॉक पार्क. सुमारे ७० हेक्टरच्या या खडकाळ जागेवर वेड्या बाभळीने कब्जा केला होता. १९३० च्या दशकात मारवाडात मुद्दाम पसरवलेलं हे परदेशी झाड तोडलं तरी मुळांतून पुन्हा फुटतं. पर्यावरणतज्ज्ञ प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली २००६ पासून ते काढण्याचं काम सुरू झालं, आणि उपाय सापडला खंडवालियांकडे. खाणीत पिढ्यानपिढ्या दगड फोडणारे हे लोक खडकावर हातोडा मारून आवाजावरून भेग कुठे आहे ते ओळखतात. त्यांनी छिन्नीने खडक फोडून मुळं उपटली आणि त्याच खड्ड्यांत कुमठ, थोर अशी इथल्या खडकावर जगणारी झाडंझुडपं लावली गेली. राणीसर आणि पदमसरकडे पाणी नेणारा जुना चर याच उद्यानातून जातो. इथे आगोर आणि तलाव पुन्हा एकत्र आले आहेत.

नव्या बांधकामातही हे तत्त्व उतरवता येतं. वास्तुविशारद अनु मृदुल यांनी उमेद हेरिटेज या वसाहतीसाठी रचलेली बिरखा बावडी २००९ मध्ये पूर्ण झाली. ही आजच्या काळात बांधलेली वालुकाश्माची बारव पावसाचं १ कोटी ७५ लाख लिटर पाणी साठवू शकते. सगळ्या शहराच्या एका दिवसाच्या गरजेचा हा जेमतेम आठवा हिस्सा. मात्र एका वसाहतीच्या बागांची आणि झाडांची तहान भागवायला हा साठा मोठा आधार ठरतो, आणि त्यासाठी कालव्यापुढे हात पसरावा लागत नाही. घरापुरतं बघायचं तर १०० चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला ३६ हजार लिटर पाऊस पडतो. पाचवा भाग वाया गेला तरी रोज जवळपास ८० लिटर मिळतात, म्हणजे पाच माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाची सोय. मारवाडातल्या जुन्या घरांत अंगणाखाली ‘टांका’, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचा हौद असे तो याचसाठी. अरुंद गल्ल्या आणि खेटून उभी घरं भिंतींवर पडणारं ऊन कमी करतात, तसाच जमिनीखालचा टांका उन्हापासून पाणी राखतो.

आता सगळ्या शहराचा हिशोब. दर १०० चौरस किलोमीटरवर जोधपुरात वर्षाला सुमारे ३,६०० कोटी लिटर पाऊस पडतो. दहा लाखांहून जास्त लोकांची वर्षाची गरज ५,१०० कोटी लिटरच्या घरात जाते. पडलेल्या पावसाचा केवळ चौथा हिस्सा गच्च्या, रस्त्यांचे उतार आणि आगोर यांतून राखता आला, तर ९०० कोटी लिटर होतात. शहराला ते दोन महिने पुरतात, आणि नहरबंदी बहुतेक वर्षी यापेक्षा लांबत नाही. त्यासाठी विकास आराखड्यात रस्ते आणि भूखंड आखण्याआधी उतार, चर आणि आगोर आखावे लागतील, त्यांवर बांधकाम आणि खाण यांना मनाई करावी लागेल. राणीसरकडे उतरणारा सत्तर हेक्टरांचा खडक वाचला आहे. बालसमंद आणि कायलानाकडे उतरणाऱ्या टेकड्यांवर हे काम अजून व्हायचं आहे.