खिशात मावतं, मुठीत मावत नाही

चंदीगडच्या सेक्टर 32 मध्ये आमचे एक स्नेही राहतात. हवाई दलातून निवृत्त, मूळचे साताऱ्याचे. शस्त्रपरवाना हातात पडला त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. "खिशात दिसणार नाही असं छोटं पिस्तूल सुचवा." मी म्हटलं, "अण्णा, दुकानात जायच्या आधी रेंजवर जा."

या विषयाला 32 चा आकडा चिकटलेलाच आहे. 9 मिलिमीटर हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, त्यामुळे सामान्य परवानाधारक बहुधा .32 कडेच वळतो. शस्त्र घेऊन बाहेर कसं पडावं हे सांगणारा शस्त्र नियम 2016 मधला नियमही बत्तिसावाच. होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या पक्क्या ताब्यात असलं पाहिजे, असं तो सांगतो. म्हणजे झाकून नेणं ही लपवाछपवी नव्हे, कायद्याचीच अट आहे. कमरेचं पिस्तूल लग्नमांडवात मिरवणाऱ्यांनी हा नियम एकदा वाचावा. हर्षाच्या भरात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा 2019 च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे.

काउंटरवर एक घोळ होतो. पिस्तुलाचं .32 आणि रिव्हॉल्व्हरचं .32 ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पहिलं ब्राउनिंगचं, 1899 सालचं, 7.65 मिलिमीटर. दुसरं लांब आणि बुडाशी कड असलेलं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' दिसलं तर ते आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचं, जो 1869 पासून उभा आहे.

आता मुख्य मुद्दा. छोटं पिस्तूल बाळगायला सोपं असतं आणि चालवायला अवघड. पुढची खूण आणि मागची खाच यांत 10 सेंटिमीटर अंतर असेल, तर नेम धरताना झालेली एका मिलिमीटरची चूक 10 मीटरवर 10 सेंटिमीटरची होते. तेच अंतर 20 सेंटिमीटर असेल तर चूक निम्मी. शिवाय मूठ इतकी आखूड की करंगळीला जागाच उरत नाही, आणि हलक्या शस्त्राचा धक्का सगळा मनगटावर येतो. कानपूरच्या कारखान्याने 2014 मध्ये 'निर्भीक' हे टायटॅनियम मिश्रधातूचं .32 रिव्हॉल्व्हर आणलं. वजन जेमतेम 500 ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. पर्समध्ये ठेवायला ते वजन सुखाचं आहे, पण ओळीने वीस गोळ्या झाडून पाहिल्याशिवाय त्या हलकेपणाची किंमत कळत नाही.

ताकदीबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवं. 7.65 ची गोळी साधारण 170 ज्यूल ऊर्जा घेऊन निघते, 9 मिलिमीटरची त्याच्या अडीच-तीन पट. म्हणून इथे नेमच सगळं काही आहे, आणि नेम सरावातूनच येतो. काडतुसांचा कोटा परवान्यावर लिहिलेला असतो, त्यात सराव किती बसतो याचा हिशोब खरेदीआधीच करावा.

मग विश्वासाचा प्रश्न. खिशातला कापूस, धूळ, घाम हे सगळं पिस्तुलात शिरतं. मनगट ढिलं पडलं तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुढचं काडतूस अडकतं. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस पेटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं. ज्याचा सराव थोडा, त्याने रिव्हॉल्व्हरच घ्यावं असं माझं ठाम मत आहे, मग खिसा थोडा फुगला तरी चालेल. आणि चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर हवंच. त्याच खिशात किल्ल्या किंवा सुटे पैसे नकोत.

अण्णा रेंजवर गेले. क्लबच्या छोट्या पिस्तुलाने सात मीटरवर दहापैकी चार गोळ्या कागदावर लागल्या, लांब नळीच्या पिस्तुलाने नऊ. रात्री पुन्हा फोन आला. त्यांनी शस्त्र घेतलेलं नव्हतं. आधी भिंतीत बसवायची पोलादी पेटी सांगून आले होते, कारण दिवाळीला चार वर्षांची नात येणार होती.